म्हाळूबाबाची सुरी

फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून सडक चिकटली नव्हती आणि वरून खाली उतरायला एक पायवाट तेवढी होती, त्या वेळी हिरडमाचीत म्हाळू नावाचा एक वाटाड्या राहत होता. हिरडमाची म्हणजे डोंगराच्या कडेवरचं गाव. मागे हिरड्याचं जंगल, पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. वर्षातले चार महिने या गावात खरं म्हणजे धुकंच राहायचं, माणसं त्याच्याकडे भाडेकरू. शेजारच्या घरी जायचं तर आधी हाक मारायची, ओ आली की त्या अंगाला चालायचं. असल्या गावात वाटाड्याला देवाखालोखाल मान असायचा.

म्हाळूच्या कमरेला, करदोट्याला अडकवलेली एक सुरी असायची. पातं जेमतेम बोटभर. मूठ हिरड्याच्या लाकडाची, हाताच्या घामानं काळी कुळकुळीत झालेली. तिला चामड्याचं एक लहानसं घर होतं, त्यात ती बसायची. मिटणारा चाकू म्हाळूला कधी आवडला नाही. तो म्हणायचा, "मिटलेला चाकू उघडायला दोन हात लागतात. माझा एक हात कायम कुणाच्या तरी हातात असतो."

गावातले बाकीचे गडी कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन रानात जायचे आणि त्याला हसायचे.

"म्हाळू, ही सुरी हाय का कानकोरणं?"

"दोन्ही हाय. कान पुढं कर."

"आन् वाघ आला मंजे रं?"

"त्याला आंबा चिरून दीन."

पण पायात काटा मोडला की हेच गडी म्हाळूच्या ओट्यावर येऊन पाय पुढे करायचे. वहाणेचा अंगठा तुटला, वासराच्या गळ्यात दावं आवळलं, शिदोरीतला कांदा चिरायचा राहिला, कारवीची काठी तासायची आहे, अशा सगळ्याला ती सुरी. तिनं कधी रक्त काढलं नव्हतं. वाटेवरच्या हिरड्यांवर म्हाळूनं छातीच्या उंचीवर एकेक खाच करून ठेवली होती. डोळ्यांना दिसेनासं झालं की हातानं खाच चाचपायची आणि पुढच्या झाडाकडे निघायचं.

आणि ती सुरी धुकं कापायची, असं म्हणतात. धुकं फारच दाटलं की म्हाळू ती बाहेर काढायचा आणि खरवसाच्या वड्या पाडाव्यात तशी समोरच्या धुक्यात फिरवायचा. धुक्याचे तुकडे दोन्ही बाजूंना कलंडायचे आणि मधे माणूसभर रुंदीची वाट मोकळी व्हायची. मी पाहिलेलं नाही. माझ्या आजोळच्या माणसांनीही पाहिलेलं नाही. पण ज्यांना विचारावं ते सांगतात, की त्या तुकड्यांना हात लावला तर गार लागायचे आणि बोटांना शेवाळाचा वास यायचा.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडे सुरी कुणी कुणाच्या हातात देत नाही. मीठ देत नाहीत, मिरची देत नाहीत, तशीच सुरीही. भुईवर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हातातून हातात दिली तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ताटातूट होते. म्हाळू तरणा होता तेव्हा असल्या गोष्टींना हसायचा. एकदा त्याच्या बायकोनं, तुळसानं, सोनकीची फुलं तोडायला सुरी मागितली. तो हसत हसत म्हणाला, "घे," आणि तिच्या हातात दिली. त्याच हिवाळ्यात तुळसा तापानं गेली. मागे रांगती लेक राहिली, राही. शहाणी माणसं म्हणतील, ताप आला म्हणून गेली. खरं आहे. पण म्हाळूला हे कोण सांगणार?

त्या दिवसापासून म्हाळूनं सुरी कुणाच्या हातात म्हणून दिली नाही. गावचा पाटील समोर आला तरी भुईवर ठेवायचा. राहीला तर त्यानं चालायच्या आधी हेच शिकवलं असेल. तो वाकून सुरी ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, "उचल, बाय." ती उचलायची, पेरू चिरायची आणि पुन्हा भुईवर ठेवायची. मग तो उचलायचा. बापलेकीचा तो खेळच होऊन गेला होता. जगात म्हाळूला दुसरं कुणी नव्हतं.

राही मोठी झाली आणि खाली कोकणात, खाडीकाठच्या एका घरात पडली. घर चांगलं होतं, भात पिकवणारं होतं. पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्या महिन्यात म्हाळू न्यायला गेला तर सासरची माणसं म्हणाली, लावणी आटपू दे. लावणी आटपली तर म्हणाली, सण होऊ दे. होता होता श्रावण अर्धा सरला, राहीचे दिवस भरत आले, आणि मग त्यांना एकदम माहेरची रीत आठवली. शेवटी डोली ठरली. डोलीला शिदू आणि चांगू हे हिरडमाचीचे दोघे गडी. सोबतीला खालच्या गावची जिऊ सुईण आणि सगळ्यांच्या पुढे म्हाळू.

सकाळी ऊन होतं. अर्धा घाट चढून झाला आणि वरून धुकं उतरलं. असलं धुकं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. डोलीच्या पुढच्या माणसाला मागचा दिसेना. धरलेला दांडा दिसेना. म्हाळूनं सुरी काढली आणि कापत कापत डोलीला धारेपर्यंत आणलं. धार म्हणजे घाटातली सगळ्यात अरुंद जागा. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. तिथं डोलीतून राही म्हणाली, "आबा, थांबव. आता सोसत नाही माझ्यानं."

डोली टेकली. गडी कातळाला पाठ लावून तोंड फिरवून बसले. जिऊनं डोलीवरची घोंगडी आडवी बांधली. म्हाळू घोंगडीच्या अलीकडे, पाठमोरा. आणि चालणं थांबलं तसं कापलेलं धुकं हळूहळू पुन्हा जुळून आलं.

किती वेळ गेला ते धुक्यात कळत नाही. राहीचं कण्हणं आणि खाली कुठंतरी ओढ्याचा आवाज, एवढंच होतं. मग जिऊ ओरडली.

"म्हाळू, नाळंचा वेढा हाय पोराच्या गळ्याला! घट हाय. सुरी दे बिगीनं!"

म्हाळूचा हात कमरेला गेला. सुरी निघाली. आणि इतक्या वर्षांची सवय, तो वाकला, घोंगडीखालून हात घालून त्यानं सुरी भुईवर ठेवली आणि म्हणाला, "उचला."

"माजं दोन्ही हात गुतल्यात. सोडलं तर गेलं पोर. राही, तू घे!"

राहीनं हात टाकला. गवत हाताला आलं, खडे आले, चिखल आला. सुरी येईना. बोटभर पातं आणि काळी मूठ, त्या धुक्यात दिसणार कशी?

"न्हाई लागत, आबा!"

"काळंनिळं पडलं गं," जिऊ म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

म्हाळू गुडघ्यांवर आला. त्यानं चाचपलं, आणि सुरी त्याला मात्र लगेच सापडली, तिची त्याच्या हाताशी आयुष्यभराची ओळख. आता पुन्हा भुईवर ठेवली तर पुन्हा हरवणार होती. हातात दिली तर लेक हरवणार होती. तुळसाचं तोंड त्याला त्या पांढऱ्यात समोर दिसलं, असं म्हणतात, सोनकीच्या फुलांसाठी सुरी मागताना दिसलं होतं तसं हसरं.

त्यानं पातं स्वतःच्या पंजात धरलं. लेकीला आंधळेपणानं धार लागू नये म्हणून मूठ तिच्याकडे केली आणि हात पुढे घातला. "राही, हातात घे."

तिला कळलं. "आबा, हातात?"

"घे म्हंतो ना!"

तिनं मूठ धरली आणि घाईत हिसका देऊन ओढली. म्हाळूचा तळवा उभा चिरला. त्या सुरीनं काढलेलं ते पहिलं रक्त. घोंगडीपलीकडे तिनं जिऊच्या बोटांमधली नाळ कापली. आणि मग एक पोर रडलं, इतक्या जोरात की शिदू आणि चांगू दोघंही बसल्या जागी रडायला लागले.

"मुलगी हाय," जिऊ म्हणाली.

"सुरी तिच्या उशाला ठेव," म्हाळू घोंगडीबाहेरूनच म्हणाला. "पाचवी पुजली की मगच हलवायची."

नाळ कापलेलं लोखंड पाचवीपर्यंत बाळापासून दूर न्यायचं नसतं. म्हणजे आता धुकं कापायला काही उरलं नव्हतं. म्हाळू म्हणाला, मी पुढं जातो, खाचा शोधतो आणि हाक देतो, तुम्ही हाकेच्या मागनं या. त्याची पावलं पुढे निघाली. डोली उचलली गेली.

"उजवीकडं सरा," धुक्यातून आवाज आला. "झाडाला हात लावा. खाच लागली?"

"लागली," शिदू म्हणाला.

"मग चला."

असं झाड झाडाला जोडत ते चढत राहिले. जिथं पाय घसरायचा तिथं आधीच आवाज यायचा, जपून. जिथं चांगूला वाटायचं की आता कडा आला, तिथं आवाज यायचा, भिऊ नको, कातळ हाय. डोलीत राही लेकीला पोटाशी धरून ऐकत होती. एकदा ती न राहवून म्हणाली, "आबा, जरा थांब की. बाळ बघ."

पुढचा आवाज म्हणाला, "बघतो. आधी माची येऊ दे."

माची आली. वेशीवरच्या शेवटच्या हिरड्यापाशी धुकं संपलं आणि सगळे एकदम उन्हात आले. समोर गावचं देऊळ होतं, पारावर माणसं बसली होती. म्हाळू नव्हता. पारावरची माणसं म्हणाली, इकडून कुणी वर आलेलं नाही. वाट तर एकच होती.

धुकं निवळल्यावर शिदू आणि चांगू उलटे खाली गेले. धारेजवळच्या पहिल्या झाडाच्या खाचेवर रक्ताळलेल्या हाताचा ठसा होता. दुसऱ्या झाडाच्या खाचेवरही होता. त्यापुढे वेशीपर्यंत एकाही झाडावर नव्हता. कड्याखाली माणसं उतरली, ओढा धुंडाळला, काही सापडलं नाही. पण आवाज वेशीपर्यंत आला होता. दोघं म्हातारे होईपर्यंत देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून तेच सांगायचे.

राही फार रडली. गावातल्या बायका समजूत घालायला आल्या आणि जाता जाता एकमेकींत म्हणाल्या, हातात सुरी दिली, दुसरं काय होणार! ते राहीनं ऐकलं. पाचवीला जिऊ सुईणीनं सुरीला हळदकुंकू वाहिलं आणि ती राहीला परत द्यायला रीतीप्रमाणं भुईवर ठेवू लागली. राही म्हणाली, "जिऊबाय, भुईवर नगं. हातात द्या."

"पोरी, एकदा बघितलंस न्हवं?"

"बघितलं. आबानं हातात दिली म्हणून ही माझ्या मांडीवर हाय. भुईवर ठेवून वाट बघितली असती तर हिची न् माझी ताटातूट झाली असती. त्यानं माहीत असून दिली. आता मी ती भुईवरनं उचलणार न्हाई."

जिऊनं पातं आपल्या पंजात धरलं, मूठ पुढे केली आणि राहीनं हळूच सुरी घेतली. जिऊची आणि तिची ताटातूट काही झाली नाही. पुढे कितीतरी वर्षं दर श्रावणात, राही माहेरगावी आली की, म्हातारी काठी टेकत, नाचणीचे लाडू घेऊन घाट चढून यायची.

साऱ्या मुलखात सुरी भुईवर ठेवतात, पण तेव्हापासून एकट्या हिरडमाचीत ती हातात देतात. पाहुण्याला हे विचित्र वाटतं. आता घाटाला डांबरी सडक आहे, पण धुकं आहे तेवढंच आहे, आणि एखाद्या गाडीवाल्याला वळणावर "उजवीकडं" असं ऐकू येतं, असं म्हणतात. गावातलं माणूस अजूनही बोटभर पात्याची सुरी कमरेला किंवा पिशवीत घेतल्याशिवाय वेस ओलांडत नाही. काटा काढायला, पेरू चिरायला, दोरी कापायला.

आणि गावची लेक सासरी निघाली की वेशीवरच्या त्या शेवटच्या हिरड्यापाशी वऱ्हाड थांबतं. बाप तिला एक लहानशी सुरी देतो. वाण्याच्या दुकानातली, प्लॅस्टिकच्या मुठीची असली तरी चालते. पातं तो आपल्या पंजात धरतो आणि मूठ लेकीकडे करतो. लेक मूठ धरते, पण ओढत नाही. राहीनं घाईत ओढली होती, म्हणून. बाप आपणहून हात उघडेपर्यंत ती तशीच धरून उभी राहते. बापाचा हात लवकर उघडत नाही. वऱ्हाडाला उशीर होतो, गाडीवाला भोंगा वाजवतो, पण हिरडमाचीचं कुणीही त्याला घाई करत नाही.