भिवाच्या पुळणीवरची हाक

खारवेळच्या मोठ्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मग कोणीतरी होडीवाल्या बाबल तांडेलला विचारतंच, "काका, गर्दी नसलेला बीच नाही का इथे?"

आहे. डोंगरापलीकडे, होडीने जावं लागतं. तिथल्या वाळूवर, म्हणजे पुळणीवर उतरलं की बाबल डोंगराकडे तोंड करून लांब हाक देतो. वरून ओ आल्याशिवाय कोणाला पाण्यात जाऊ देत नाही. पाहुणे ताटकळतात, तेवढ्यात तो ही गोष्ट सांगतो.

फार पूर्वी खारवेळला भिवा नावाचा रापणकर होता म्हणे. रापण म्हणजे समुद्रात वळसा घालून सोडलेलं जाळं. त्याच्या दोऱ्या माणसं किनाऱ्यावरून ओढतात. रिवाज असा, की दोरीला ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा. नाही म्हणायचं नाही. भिवाला ते डाचायचं. जाळं त्याचं, आणि टोपल्या घेऊन अख्खी वाडी हजर. मग त्याला ही निवांत पुळण सापडली. तो आणि त्याचा एकुलता मुलगा धाकू, दोघेच छोटं जाळं घेऊन इथे येऊ लागले. डोंगरावरून कोणी डोकावलं, की भिवा दोन्ही हात हलवत, ओरडून त्याला हुसकावायचा.

एका सकाळी बांगड्यांचा असा थवा आला, की पाणी काळं दिसू लागलं असं सांगतात. जाळं फुटेस्तोवर भरलं. ओहोटी ते खोल समुद्राकडे खेचू लागली. ते मोकळं करायला धाकू पाण्यात शिरला आणि त्याचा पाय जाळ्यात अडकला. ओढायला चार माणसं असती, तर माशांबरोबर पोरगाही वाळूवर आला असता. भिवाने दोरी कमरेला गुंडाळली, डोंगराकडे वळला, दोन्ही हात हलवले आणि घसा फाटेस्तोवर ओरडला.

वर माणसं होती, लाकडं तोडायला आलेली. त्यांनी ऐकलं. पाहिलंही.

"बघ, परत हाकलता," त्यांतली एक बाई म्हणाली. "रवांदेत त्येका त्येचे बांगडे."

आणि सगळी पलीकडच्या अंगाने घरी उतरली.

धाकू सापडला नाही. भिवाने कोणाला बोल लावला नाही म्हणे. लावणार कोणाला? त्याने डोंगरावर खोपटं बांधलं आणि मरेपर्यंत खालून आलेल्या प्रत्येक हाकेला ओ दिली. त्याच्यामागे गावाने पाळी लावून ते चालू ठेवलं.

आजही वर कोणीतरी बसलेलं असतं. हल्ली बाबलची सून बसते. पण मोठ्या किनाऱ्यावरच्या स्पीकरांचा आवाज माथ्यावर इतका चढतो, की तिला खालची हाक ऐकूच येत नाही. बाबल पुन्हा पुन्हा हाक देतो, कान देऊन थांबतो, आणि होडी पाण्यात ढकलतो.

"एवढं लांब येऊन नुसतंच परत?" पाहुणे चिडतात. "काका, आम्हाला पोहता येतं."

"धाकूलाही येत होतं," बाबल म्हणतो, आणि वल्हं उचलतो.