फुलं हुडकणाऱ्या माश्या

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

फार पूर्वी जांभळीवरच्या एका पोळ्याला फुलं मिळेनाशी झाली. राणीमाशीने कामं वाटणाऱ्या येसूला फर्मावलं, "रिकामटेकड्या काढून टाक." फुलं हुडकणाऱ्या माश्या महिनाभर हात हलवत परतत होत्या. येसूने त्यांनाच काढायचं ठरवलं.

त्यांच्यातली म्हातारी धोंडाई म्हणाली, "जाते गं बाई. पण मध आणणाऱ्या तुझ्या लाडक्या, माझा नाच बघून दिशा कळल्याशिवाय जागच्या हलत नाहीत. उद्या फुलं आली, तर नाचणार कोण, तू?"

येसू ओशाळली. तिने कुणालाच काढलं नाही. सगळ्यांचा घास थोडा कमी केला, आधी स्वतःचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धोंडाईच्या मागोमाग फुलं हुडकायला उडाली.