वळणावरची अठरावी काठी

“आणि नवस कशाचा होता, माई?”

बाबांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर वाती वळत बसले होते.

“हे सुखरूप घरी यावेत, याचा.”

“कधी बोललीस?”

“एकोणीस वर्षं झाली, बाबा.”

“म्हणजे लवकर आलीस.”

एकोणीस वर्षांपूर्वी माघात हे याच डोंगरावर होते, आणि मोठं हिमवादळ झालं. चार दिवस यांची काही खबर नाही. सांगलीला मी देवापुढे बसले आणि बोलून गेले, हे परत आले तर त्या डोंगरावर जाऊन माझ्या हातानं तुपाचा दिवा लावीन, आणि तोवर दर सोमवारी अळणी जेवीन. हे परत आले. मला मात्र कधी सोबत नेलं नाही. “तिथं बायकांचं काय काम?” म्हणायचे. सोमवारचं जेवण अळणीच राहिलं. त्याचं काही नाही. नवस बोललं की माणूस वाट पाहायला शिकतं.

बाबा म्हणजे नागनाथबाबा. मूळचे बार्शीकडचे, पण उभं आयुष्य कुमाऊंच्या या डोंगरावर गेलेलं. खालचं गाव आणि वरची वस्ती यांच्या मधोमध त्यांची दगडी कुटी आहे. हे त्यांना गुरू मानतात. दर उन्हाळ्यात येतात, पाय धरतात, आणि मग बाबांनाच हवामान शिकवत बसतात.

पायांवर डोकं टेकताना मी पाहिलं होतं. बाबांच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती.

मी विचारलं नाही.

“माझाही एक नेम आहे, माई,” ते एवढंच म्हणाले. “अजून फिटायचाय.”

यांची एक मंडळी आहे. सांगली-मिरजेचे सहा निवृत्त गृहस्थ. जन्म गेला उसाच्या मुलखात, पण वेड बर्फाचं! कुठे किती पडला, किती तासांत पडला, वारा कुठला होता, सगळं एका वहीत. यंदा गुडघ्यांनी चौघांना घरीच बसवलं होतं. हे आणि यांचे बालमित्र वामनराव, दोघंच निघाले, म्हणून या खेपेला मीही हट्टानं आले. चौघे तिकडे आकड्याची वाट पाहत होते.

त्या दिवशी सकाळी सूर्याला खळं पडलं होतं. यांच्या वायुभारमापकाचा काटा घसरत चालला होता. हे लहान मुलासारखे खुशीत होते.

“वामन्या, त्या वेळीसुद्धा काटा इतका खाली नव्हता!”

“त्या वेळी मी काट्याकडे बघायला होतो कुठे?” वामनराव म्हणाले. “तू मला रॉकेल आणायला खाली गावात पाठवलंस. परत येताना वादळात सापडलो.”

“आणि खांबानं तुझा हात धरला!”

हे हसले. मंडळीतली ही जुनीच थट्टा. वामनरावांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा यांनी ती पंगतीत सांगितली होती.

“हसा,” वामनराव म्हणाले. “पण धरला होता.”

मला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून मी विचारलं. तेव्हा वामनरावांनी सांगितलं. थंडीच्या आधी बाबा वाटेच्या कडेनं देवदाराच्या काठ्या रोवतात. एकंदर तीस. बर्फात वाट बुडाली की माणसानं एका काठीवरून दुसरीवर जायचं, चाचपडत. प्रत्येक काठीला छातीच्या उंचीवर खाचा असतात. पहिलीला एक, दुसरीला दोन. किती चढलो ते बोटांना कळावं म्हणून.

“मी मोजत होतो, वहिनी. पंधरा, सोळा, सतरा. पुढे कड्याचं वळण. डोळ्यांपुढे हात दिसत नव्हता. अंदाजानं हात पुढे केला आणि काठी लागली. पण ती…”

“सांग, सांग. ती गरम होती!” हे म्हणाले.

“गरम नव्हती. पण तिनं धरलं मला. आणि एकोणिसावीच्या दिशेला वळवलं.”

“रॉकेल कमी झालं होतं, तुझ्या वहिनीला ते नको का सांगायला? डब्यातलं प्यायला होता हा!” हे म्हणाले.

वामनरावसुद्धा हसले. बाबा हसले नाहीत. धुनीतली राख सारखी करत राहिले.

मग हे आत गेले आणि चादरीत गुंडाळलेली वस्तू घेऊन आले.

ती मी ओळखत होते. आमच्या देवघराच्या दाराआड एकोणीस वर्षं उभी असलेली काठी. पांढरा रंग दिलेला, दर इंचाला तांबडी रेघ. हिच्यावरच यांनी त्या वादळाचा बर्फ मोजला होता. एकेचाळीस इंच. मंडळीच्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा. खंडेनवमीला हे आपली उपकरणं पाटावर मांडायचे, आणि मी त्यांच्याबरोबर हिलाही हळदकुंकू लावायची. मधला भाग पिवळा पडला होता.

“बाबा, शास्त्र काय सांगतं? तुलना करायची तर तीच काठी, तीच जागा, तोच हात. तरच आकडा खरा. आज एकेचाळीस मोडणार! एवढ्यासाठी रेल्वेतून आडवी धरून आणलीय. तीन वेळा टीसीशी भांडलो.”

बाबांनी हात पुढे केला.

यांनी काठी त्यांच्या हातात दिली. बाबांनी टोक, रेघा काही पाहिलं नाही. सरळ मधल्या भागाशी बोटं नेली. हळदीखाली, रंगाखाली बोटं फिरत राहिली. ओठ हलत होते. मला वाटलं, जप करताहेत.

“अठरा,” बाबा म्हणाले.

“काय अठरा?”

“कुठून घेतली होतीस, दिगंबरा?”

“ही? वाटेवरूनच. मला सरळ काठी हवी होती, आणि वादळ तोंडावर आलेलं. म्हटलं, तीस आहेत, एक गेली तर काय बिघडतंय?”

“कुठल्या जागेवरून?”

“वळणावरून. ती सगळ्यांत सरळ होती.”

वामनरावांनी पेला खाली ठेवला.

“दिगू… कड्याच्या वळणावरून?”

“हो.”

“मी तिथं काठी धरली होती.”

“धरलीस ना? मग झालं तर!”

“दिगू… काठी तर तुझ्याकडे होती.”

 

हे वामनरावांकडे पाहत राहिले. मग बाबांकडे. मी मात्र बाबांच्या डाव्या पायाकडे पाहत होते. माझ्या लक्षात यायच्या आतच पाहत होते.

बाबांनी हळूच घोंगडीचं टोक पायांवर ओढून घेतलं.

मनात आलं, ज्या काठीला मी हळदकुंकू लावत आले…

“बाबा,” यांचा आवाज मला ओळखू येईना. “त्या दिवशी तुम्ही… किती वेळ?”

“वामन येईपर्यंत.”

“आणि नंतरची वर्षं? तिथं काय आहे आता?”

“जागा आहे.”

नंतर खालच्या गावातल्या बायकांकडून मला कळलं. त्या म्हणाल्या, बर्फ सुरू झाला की बाबा घंटा घेऊन वळणावर जाऊन उभे राहतात, दरवर्षी. तिथे काठी का नाही, असं विचारलं की म्हणतात, नेम आहे. लोकांना वाटतं, साधू माणूस, तप करत असेल.

दुपार कलली. डोंगराचा माथा दिसेनासा झाला. मग पहिले बारीक कण आडवे आले.

हे काठी घेऊन अंगणात उभे होते. अंगणाच्या मधोमध यांनी सकाळीच पांढरी फळी मांडली होती. भोवती दोरी बांधली होती, कुणाचं पाऊल पडू नये म्हणून. काटा इतका खाली गेलेला यांनी जन्मात पाहिला नव्हता. असं वादळ पुन्हा यांच्या वयाला मिळणार नव्हतं. ते यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

बाबांनी खुंटीवरची घंटा काढली. घोंगडी डोक्यावरून घेतली.

“बाबा, थांबा,” हे म्हणाले. “आज खालून कोण येणार आहे?”

“ठाऊक नाही.”

“कुणी येणारच नसेल तर?”

“कोण येणार हे ठाऊक असतं, तर काठ्या कशाला रोवल्या असत्या रे?”

हे फळीकडे पाहत राहिले. बर्फाचा पातळ थर बसायला लागला होता. पायाचा एक ठसा नाही, असा स्वच्छ.

वामनराव दारात उभे होते. त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांचा हक्क होता, पण काढला नाही. मी मनातल्या मनात रामाचं नाव घेत होते. आजवर यांच्यासाठी मी पुष्कळ मागितलं, पण त्या घटकेला काय मागावं, मला सुचेना. यांना त्या वादळात जा म्हणून कसं सांगू? आणि जाऊ नका म्हणून तरी कसं?

यांनी दोरी ओलांडली. सरळ फळीवरूनच पाय टाकत आले आणि बाबांच्या हातातली घंटा घेतली.

“तुम्ही बसा.”

बाबा बसले. नको म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

मी यांच्या मागोमाग गेले. वळण कुटीपासून पन्नास पावलांवर, पण तेवढ्यातच माझ्या पापण्यांवर बर्फ साठला. कड्याच्या कडेला दगडांच्या मधे एक खळगा होता. त्यात देवदाराची सुकी पानं दाबून भरलेली. यांनी ती उपसली. खाली भोक स्वच्छ होतं. खडा नाही, माती नाही. एकोणीस पावसाळे गेले होते, तरी भोक बुजलं नव्हतं.

यांनी काठी आत सोडली. ती आपोआप खाली गेली आणि थड् असा आवाज करून बसली. जणू कालच काढली होती.

“तू जा आत,” हे म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“बर्फात काठी दिसत नाही. घंटा लागते.”

मी आत आले. वामनराव थोडा वेळ धुनीपाशी बसले, मग उठून टोपी घातली आणि तेही गेले. बाहेर दोन म्हातारे आलटून पालटून घंटा वाजवत होते. मधेच यांचा आवाज आला, “वामन्या, आता धर हात, नाहीतर खांबाला सांगेन!” आणि मग कितीतरी वेळानं वामनरावांचं हसू. की रडणं, वाऱ्यात कळलं नाही.

मी माझा दिवा लावला. कोनाड्यात, वळणाच्या बाजूला. एकोणीस वर्षांचं तूप त्यात होतं म्हणा ना. ज्योत हलली, पण विझली नाही.

रात्र सरली, उजाडता उजाडता वारा पडला. दोघे परत आले. मिशांवर बर्फ, बोटं निळी. मी तेलानं यांचे पाय चोळले. एकेक बोट मोजून चोळलं. दहाही होती.

यांनी फळीकडे पाहिलं. बर्फ कमरेइतका होता, कदाचित जास्त. काठी वळणावर, तिथं वाऱ्यानं ढीग साठवलेला. तिथला आकडा खरा धरत नाहीत. मंडळीच्या वहीत त्या दिवसापुढे यांनी नंतर दोनच शब्द लिहिले, ‘मोजलं नाही.’ सांगलीच्या चौघांनी केवढा गहजब केला!

“बाबा, कुणीच आलं नाही,” हे म्हणाले.

बाबांनी चहाचा पेला यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बाबांनी खिचडी केली आणि माझ्या पानात स्वतःच्या हातानं मीठ वाढलं. मी जेवले. डोळ्यांतलंही थोडं त्यात पडलं असेल.

तर बायांनो, एवढी गोष्ट ऐकलीत, आता माझं एक मागणं ऐका. तुमच्याही घरातून कुणी काही नेलं असेल… वस्तू असेल, शब्द असेल, आणि परत आणलं नसेल. ती जागा लगेच भरू नका. सणावाराला तिथली माती काढा, खडा काढा, स्वच्छ ठेवा. जमेल तेव्हा स्वतः तिथं थोडं उभ्या राहा. लोक म्हणतील, वेडी की काय ही, दुसरं आणून ठेव की! यांनीही त्या सकाळी, चहाचा पेला खाली ठेवून, शेवटी तेच विचारलं होतं.

“बाबा, या जंगलात काठ्यांना काय तोटा? एवढी वर्षं स्वतः उभे राहिलात… तिथं दुसरी का नाही रोवलीत?”

बाबांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं. ठिणग्या वर गेल्या, विझल्या…

“दुसरी रोवली असती, तर आज तू ही कुठं रोवली असतीस?”