व्योमरावांचा पांढरा शेला

विमानं एकमेकांशी गप्पा मारायची, तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या उन्हात वाढलेले व्योमराव नावाचे विमान पहिल्यांदाच डोंगरातल्या थंड गावी मुक्कामाला राहिले. सकाळी पाहतात तर पंखांवर पांढराशुभ्र बर्फ! "वा, गावाने शेला पांघरून सत्कार केला!" व्योमराव फुशारले.

तेवढ्यात बर्फ वितळवणारं गरम औषध फवारणारी गाडी वाफा सोडत आली. तिला सगळे बंबाक्का म्हणत. "चला, आंघोळीला!"

"कालच केली. एवढ्याशा बर्फाने मला काय होतंय?"

"अहो, पंख गुळगुळीत असला तरच वारा त्याला उचलून धरतो. बर्फाने खरखरीत झाला की वारा सैरावैरा पळतो. पोटात दीडशे माणसं आहेत तुमच्या!"

"थापा!" पंखावर बसलेला डोमकावळा म्हणाला. रात्रभर उघड्यावर बसून त्याच्याही पंखांवर बर्फ गोठला होता. "हा बघा मी उडालो!" त्याने झेप घेतली आणि तो दगडासारखा बंबाक्काच्या टपावर आदळला.

व्योमरावांनी निमूटपणे आंघोळ करून घेतली.

"आता लगेच निघा," बंबाक्का म्हणाली. "बर्फ पडतोय. औषध थोडाच वेळ टिकतं."

पण इतकं चकाचक झाल्यावर लगेच कोण निघतं? व्योमराव शेजारच्या विमानाला आंघोळीचे फायदे समजावत बसले. समजावून झालं, तोवर शेला परत अंगावर आला होता.

बंबाक्काने पाईप उचलला. "या वेळी तोंडापासून सुरुवात करते," ती म्हणाली.