उंचावरची फेरी

फवारणीची विमानं अजून पाखरांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. कपाशीच्या एका मोठ्या शिवारात दोन विमानं औषध फवारायला येत, एक म्हातारं पिवळं आणि एक नवंकोरं निळं. शिवाराच्या मधून विजेची तार गेली होती. तिच्या खांबावर एक काळा कोतवाल पक्षी बसे.

टाकी भरून परत आलं की पिवळं विमान दर वेळी आधी उंचावरून शेताला फेरी घाली आणि मगच कपाशीला चाकं टेकतील इतकं खाली येई.

"आजोबा, तार सकाळी होती तिथेच आहे," कोतवाल हसून म्हणाला. "पुन्हा पुन्हा काय बघता?"

"तार हलत नाही रे बाबा. माझं लक्ष हलतं."

निळ्याला हा नुसता वेळकाढूपणा वाटे. ते थेट खाली झेपावे, तारेपाशी अलगद वर उठे आणि पलीकडे पुन्हा खाली. काम त्याचंच आधी आटोपत आलं. बांधालगतचा चिंचोळा पट्टा तेवढा राहिला. तो उरकायच्या नादात ते तारेपाशी वर उठलंच नाही. तार तुटली आणि निळं विमान चाक मोडून कपाशीत आडवं झालं.

"अरे, तुला तार दिसली नाही?" कोतवालाने घाबरून विचारलं.

"सकाळपासून दिसत होती," निळं कण्हत म्हणालं.

तार पुन्हा जोडली गेली. पिवळं विमान आलं आणि उंचावरून फेरी घालू लागलं. कोतवाल या वेळी हसला नाही. तो खांबावरून उठला आणि लांबून दिसेल असा तारेच्या मधोमध जाऊन बसला.