रानरेड्याच्या दाढेवरचे खड्डे

"सर, गुरूची चूक शिष्यानं चारचौघांत सांगावी का?"

शलाकानं दारातूनच विचारलं. एक चप्पल उंबऱ्यावर, दुसरी कुठे भिरकावली तिलाच ठाऊक.

काझीसर ओट्यावर उन्हाला बसून एका हाडावरची माती ब्रशनं झाडत होते. नदीकाठच्या त्या छोट्याशा संग्रहालयात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि पुरातन प्राण्यांबद्दल शलाकाला जे काही येत होतं ते त्यांच्याच हाताखाली आलेलं.

"चूक असेल तर सांगावीच. कुणाची आहे?"

"तुमची."

ब्रश थांबला…

"अरे वा! ये, बस. लवकर सांग!"

आता काय म्हणावं! सर चिडले असते तर शलाकाला सोपं गेलं असतं. वाद घालायची तयारी करून आली होती बिचारी. पण म्हातारा तर घरात लग्न निघाल्यासारखा खूश.

"आपला तो पुरातन रानरेडा गवत खायचा, असं तुम्ही लिहिलंत. तेव्हापासून सगळे तेच लिहितात."

"त्याच्या दाढा उंच आहेत, म्हणून लिहिलं. आयुष्यभर गवत चावून झिजल्या तरी पुरतील अशा."

"तुम्ही दाढेचा आकार पाहिलात. मी तिच्यावर रबराचा लेप लावून ठसा घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला!" शलाकाला बसवेना. ती ओट्यासमोर येरझाऱ्या घालू लागली. "गवतानं दाढेवर बारीक ओरखडे उठतात, सगळे एका दिशेनं. साल आणि काटक्या फोडल्या की खड्डे पडतात. आणि आपल्या रेड्याच्या दाढेवर, सर… खड्डेच खड्डे! तो झाडांच्या साली खायचा!"

"खड्डे? नक्की?"

"देवाशपथ!"

सरांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास गं पोरी!"

शलाकाला आकाश ठेंगणं झालं. उद्या परिषदेत तिचं पहिलंवहिलं भाषण होतं. काझींचा रेडा काझींच्या शिष्येनं उलटा केला, असं झालं की तिचं नाव सगळीकडे होणार होतं. फक्त सरांचं मन दुखेल, एवढाच काटा होता. तोही निघाला.

"त्याचा जबडा कुठे सापडला म्हणालीस?"

"पात्रातल्या त्या पुरातन डोहाच्या तळाशी. मीच काढला की. भेगाळलेल्या चिखलात होता, भेगांसकट दगड झालेल्या."

"हं… आणि दाढेवरची अशी खूण टिकते किती?"

"फार नाही. पंधरवडा म्हणा, महिना म्हणा. नवा घास जुनी खूण पुसतो." हे तर तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

सरांची नजर तिच्या हातातल्या पेन्सिलीवर गेली.

"तू जेवलीस का?"

"सर, जेवायचं सुचतंय कुणाला! कालपासून अन्नाचा कण नाही पोटात."

सरांनी हात पुढे केला आणि तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. तिच्या मागच्या टोकाचा चावून चावून पार चोथा झाला होता. सरांनी खिशातून भिंग काढलं, पेन्सिल उन्हात धरली आणि गंभीर चेहऱ्यानं इकडून तिकडून न्याहाळली.

"प्राण्याचं नाव, शलाका," ते म्हणाले. "आहार, लाकूड."

शलाका खो खो हसली. "काहीतरीच काय, सर! मी काय रोज पेन्सिल खाते? काल जेवण मिळालं नाही म्हणून…"

हसू अर्ध्यावरच थांबलं.

ती मटकन ओट्यावर बसली. खाली नदीचं पात्र दिसत होतं. तिथेच तर तो डोह होता, कुणास ठाऊक किती काळापूर्वी.

"सर… डोह आटला होता."

"हं."

"चिखलाला भेगा पडल्या होत्या. म्हणजे गवतही वाळून गेलं असणार. ते खड्डे त्याच्या शेवटच्या महिन्याचे. एरवी तो साल खात नव्हता, सर… त्याला दुसरं काही मिळतच नव्हतं. आणि तिथेच…"

तिचा चेहरा एवढासा झाला.

"म्हणजे तुमचंच बरोबर. तो गवतच खायचा. आणि मी उद्या सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडायला निघाले होते! आता मी तिथे उभी राहून सांगू तरी काय?"

सर उठले, आत गेले आणि आपला डबा घेऊन आले. ज्वारीची भाकरी मोडून त्यांनी अर्धी तिच्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा.

शलाका नको म्हणणार होती. पण पहिला घास पोटात गेला आणि मग ती अशी तुटून पडली, की ठसका लागला तरी हात थांबेना. सरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि आपली अर्धी भाकरीही तिच्या हातावर ठेवली.

तिनं मान वर केली तेव्हा सरांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

"हसताय काय, सर? सांगा ना, उद्या काय सांगू?"

"तो काय खायचा, ते माझ्या लिहिण्यात आलं होतं, पोरी. त्याची भूक तेवढी राहून गेली होती."