थंड ब्रेकची परीक्षा

साखर कारखान्याचे अध्यक्ष आबासाहेब इंगवले यांनी स्पोर्ट्‌स कार घेतली आणि संचालकांसमोर फर्मान काढलं, "हिला शर्यतीचेच ब्रेक पॅड बसवा!"

त्यांची सून शाल्मली ट्रॅकवर शर्यतीत गाडी चालवायची. ती म्हणाली, "आबा, ते पॅड चांगले तापल्याशिवाय ब्रेक नीट लागत नाही. ट्रॅकवर ठीक आहे, पण गावात थंड ब्रेकनंच निघावं लागतं."

"तू मला शिकवतेस?" आबासाहेब गरजले.

"नाही हो, बसवूया की. उद्या सकाळी मी गाडी वेगात कारखान्याच्या फाटकापर्यंत आणते. तुम्ही फक्त फाटकात उभे राहा."

आबासाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "रस्त्याचेच पॅड बसवा," ते हळूच म्हणाले.

संचालकांनी लगेच टाळ्या वाजवल्या आणि आबासाहेबांच्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर केला.